राहून गेलेली पायरी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात गणितावर लेख लिहावा, हे पुष्कळांना विपरीत वाटेल. आपल्यापैकी निम्मी मंडळी साहित्याच्या ओढीने ह्या शाखेत आली, असे आपण प्राध्यापकांसमोर म्हणतो. खरे कारण कँटीनमध्ये चहा पिताना बाहेर पडते. दहावीच्या गणितापासून पळत पळत आपण येथवर पोहोचलो आहोत! मीही त्यातलाच. दहावीला गणितात सुटलो तो अगदी काठावर, आणि तोही भूमितीची प्रमेये आकृतीसकट पाठ केली होती म्हणून. निकालाच्या दिवशीच बीजगणिताचे पुस्तक शेजारच्या मुलाला देऊन टाकले आणि पुन्हा ह्या विषयाचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले.

तेच पुस्तक पुढे मला मागून परत आणावे लागले. का, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझे गाव पाथर्डी तालुक्यात. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी आमच्याकडची माणसे अजून 'नगरला जाऊन येतो' असेच म्हणतात. पाथर्डी तालुका आणि शेजारचा बीड जिल्हा हा ऊसतोडणी करणाऱ्यांचा मुलूख. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामे होते. गाड्या भरभरून माणसे कारखान्यांच्या फडांवर जातात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि, घरात आजी असेल तर, शाळेत जाणारी पोरे. मी पाचवीत असताना आजी आजारी होती. त्यामुळे त्या वर्षी मलाही आईवडिलांबरोबर फडावर जावे लागले. कोपीत राहायचे, धाकट्या बहिणीला सांभाळायचे, संध्याकाळी वाढे गोळा करायचे. मला तेव्हा ती चंगळच वाटली होती.

परत आलो तेव्हा वर्गात अपूर्णांकांची बेरीज होऊन गेली होती. गुरुजींनी फळ्यावर १/२ + १/३ लिहिले आणि मला उठवले. मी वरचे आकडे मिळवले, खालचे आकडे मिळवले आणि बेधडक २/५ असे उत्तर दिले. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "बस खाली, छेद समान करायचे असतात." मी बसलो. छेद समान करायचे असतात हे पाठ केले. का करायचे असतात, हे विचारायचे राहून गेले आणि सांगायचेही कोणाच्या मनात आले नाही. साठ मुलांच्या वर्गात गुरुजींनी तरी कुठे कुठे पाहावे?

त्यानंतरची पाच वर्षे मी गणितात जे काही केले ते आंधळ्याने विहीर उतरावी तसे. विहिरीची एक पायरी निखळलेली असली, तर खालच्या सगळ्या पायऱ्या शाबूत असूनही पाय खालपर्यंत पोहोचत नाही. शेकडेवारी आली, तिच्यात अपूर्णांक. गुणोत्तर आले, त्यातही तेच. बीजगणितात तर अक्षरांचे अपूर्णांक! प्रत्येक वेळी मला वाटे, आपल्याला डोकेच नाही. इतिहासात राहून गेलेला एखादा धडा मागाहून वाचून काढता येतो. शिवकाल चुकला म्हणून पेशवाई कळतच नाही असे होत नाही. गणितात मात्र मागची पायरी पुढच्या पायरीच्या पोटात असते. म्हणून ह्या विषयात 'डोके नाही' असे म्हणवून घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचे डोके ठीक असते, त्यांची कुठली तरी एक पायरी तेवढी राहून गेलेली असते, असे माझे आता मत झाले आहे.

हे मत होण्याचे कारण माझा चुलतभाऊ बाळ्या. तो सहावीत होता, मी द्वितीय वर्षात. त्याचीही एक अख्खी थंडी फडावर गेली होती. सुट्टीत घरी गेलो असताना तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, हे एवढं सांग." पाहतो तो १/२ + १/३, आणि पुढे त्याच्या हाताने लिहिलेले उत्तर २/५!

क्षणभर मला हसू आले आणि लगेच पोटात कालवले. छेद समान कर, असे तोंडावर आले होते, ते मी गिळले. चुलीपाशी आजी भाकरी थापत होती. मी विचारले, "आजी, अर्धी भाकर खाल्ली आणि वर तिसरा हिस्सा खाल्ला, तर अर्धीपेक्षा जास्त झाली का कमी?" आजीने माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले. "जास्तच की रे! अर्धी तर आधीच पोटात गेली ना?" मग मी बाळ्याला विचारले, पाच तुकड्यांतले दोन म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? त्याने बोटे मोजली आणि तो गप्प झाला. अर्ध्यात काही मिळवले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले, हे त्याचे त्याला दिसले. मला ते पाच वर्षांत कोणी दाखवले नव्हते.

मग आम्ही भाकरीचे सहा तुकडे केले. अर्ध्या भाकरीत तीन तुकडे आले, तिसऱ्या हिश्श्यात दोन. तीन आणि दोन पाच, म्हणजे सहांतले पाच, ५/६. छेद समान करणे म्हणजे दोन्ही हिस्से एकाच मापाच्या तुकड्यांत मोजणे, इतकीच ती गोष्ट. पायलीत आणि किलोत मोजलेले धान्य जसे एकदम मिळवता येत नाही, तसेच हे. गंमत अशी की आजीला लिहिता-वाचता येत नाही, पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे तिच्या बोलण्यात दिवसभर असतात. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. आपली भाषा अपूर्णांकांनी भरलेली असताना आपली मुले मात्र अपूर्णांकांना घाबरतात, ही विसंगतीच म्हणायची.

सुट्टी संपवून परत आल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा अनुवाद हाती लागला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, आणि 'लीलावती' ११५०च्या सुमाराची. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे हे गणित आपल्यापासून फार दूरचे नाही. त्यातले भुंग्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एका थव्यातले पाचव्या हिश्श्याचे भुंगे कदंबावर गेले, तिसऱ्या हिश्श्याचे शिलिंध्राच्या फुलांवर गेले, ह्या दोन हिश्श्यांत जे अंतर आहे त्याच्या तिप्पट कुड्याच्या झाडावर गेले, आणि एकटा एक भुंगा केतकी व मालती यांच्या सुगंधात भुलून मधल्या मध्ये घुटमळत राहिला. तर थव्यात भुंगे किती?

आपल्यासारख्याला हे वाचून आधी काव्य दिसते आणि मग घाम फुटतो. पण घाईने आकडे धरायला न धावता आधी एवढेच लिहावे, की विचारले काय आहे. भुंग्यांची एकूण संख्या. मग माहीत काय आहे ते लिहावे. तीन हिस्से, आणि उरलेला एक भुंगा. ह्या उदाहरणात खरी संख्या एकच दिलेली आहे, ती म्हणजे हा वाट चुकलेला एक. बाकी सगळे हिस्से आहेत. म्हणजे हा एक भुंगा थव्याचा कितवा हिस्सा आहे एवढे कळले, की काम झाले. हे ध्यानात येण्यालाच खरा वेळ लागतो, पुढे सारी हमाली आहे.

ती हमालीही पाहू. पाचवा आणि तिसरा हिस्सा एका मापात आणायचा, म्हणून थव्याचे पंधरा भाग कल्पू. १/५ म्हणजे ३/१५. १/३ म्हणजे ५/१५. दोहोंतील अंतर २/१५. त्याची तिप्पट ६/१५. तिन्ही ठिकाणी मिळून गेले ३ + ५ + ६ म्हणजे १४, अर्थात १४/१५. म्हणून उरला १/१५. तोच आपला एकटा भुंगा. पंधरावा हिस्सा जर एक, तर सगळे पंधरा. आता उलटून पाहावे: तीन कदंबावर, पाच शिलिंध्रावर, अंतर दोनाचे तिप्पट सहा कुड्यावर, एक हवेत. बेरीज पंधरा. जमले.

पण मला जी रीत अधिक आवडली ती दुसरीच आहे. भास्कराचार्य तिला इष्टकर्म म्हणतात. उत्तर माहीत नाही ना? मग मनाला येईल ते एक धरून चाला! समजा, भुंगे तीस. पाचवा हिस्सा सहा, तिसरा दहा, अंतर चार, त्याची तिप्पट बारा. गेले अठ्ठावीस, उरले दोन. पण उरायला हवा होता एक. म्हणजे आपण धरलेली संख्या दुप्पट झाली, ती निम्मी केली की पंधरा. बाळ्याला ही रीत सांगितली तेव्हा त्याचे डोळे चमकले. "म्हणजे चुकीचं उत्तर घेऊन बी गणित सुटतंय?" सुटते, पण एका अटीवर. चुकीच्या उत्तरापासून निघून कुठे पोहोचलो ते ओळीने लिहिलेले असले पाहिजे, तरच किती चुकलो ते मोजता येते. शिवाय सगळे हिस्से एकाच प्रमाणात वाढत-घटत असले पाहिजेत, ही दुसरी अट. बाळ्याने ती रीत दुसऱ्या दिवशी भलत्याच उदाहरणाला लावून पाहिली आणि तोंडघशी पडला, म्हणून हे आवर्जून लिहितो.

जॉर्ज पोल्या नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने १९४५ साली उदाहरणे कशी सोडवावीत यावर एक छोटे पुस्तक इंग्रजीत लिहिले, ते जगभर वाचले गेले. त्याचे सांगणे चार पायऱ्यांचे आहे: प्रश्न समजून घ्या, बेत करा, बेत पार पाडा आणि मागे वळून पाहा. आपल्या शाळांत तिसऱ्या पायरीवर सगळा भर असतो. पहिलीला कोणी थांबू देत नाही आणि चौथीपर्यंत तास संपतो. वास्तविक मराठी गणिताच्या भाषेतच चारही पायऱ्यांना ठसठशीत शब्द आहेत. पक्ष, साध्य, रीत, ताळा. आणि दोन ओळींना जोडणारा 'म्हणून'. तर्कशास्त्राच्या तासाला आपण ज्या 'म्हणून'वर दोन दोन व्याख्याने ऐकतो, तोच हा. वरच्या ओळीतून खालची ओळ निघते, मध्ये काही लपवलेले नाही, ही त्याची हमी असते. दहावीच्या उत्तरपत्रिकेत पायरीला गुण देतात ते ह्याच कारणाने, हे मला दहावी होऊन चार वर्षांनी कळले.

इथे कोणी लोकमान्य टिळकांचा दाखला देईल. शाळेत असताना ते उदाहरणे वहीत न मांडता तोंडीच सोडवीत, असे त्यांच्या चरित्रांतून वाचायला मिळते. पुढे गणित घेऊनच ते बी.ए.ला प्रथम वर्गात आले. मग पायऱ्या लिहायच्या कशाला? माझे उत्तर असे, की ज्याला पायऱ्या डोक्यात दिसतात त्याने खुशाल उड्या माराव्यात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मात्र पुण्यात शिक्षक असताना अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले, आणि ते पुढे कितीतरी वर्षे शाळांतून चालले. आम्हां सामान्यांना राजकारणात कोणाचा पक्ष घ्यायचा तो घेऊ, गणितात गोखल्यांचाच घ्यावा लागतो.

चौथ्या पायरीविषयी, ताळ्याविषयी, थोडे अधिक लिहायला हवे, कारण तो आता कोणी करीत नाही. जुन्या लोकांना नवांचा ताळा ठाऊक असे. समजा, ३४७ गुणिले २६ केले आणि ९०२२ आले. बरोबर आहे का? ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा मिळवून ५. २६ ची ८. पाचा आठे चाळीस, त्याची बेरीज ४. आता उत्तराच्या अंकांची बेरीज १३, म्हणजे ४. दोन्हीकडे चारच, ताळा जमला. न जमता, तर उत्तर नक्की चुकले. जमला म्हणून मात्र ते नक्की बरोबर, असे नाही. ९०२२ च्या जागी हातून ९२०२ लिहिले गेले तर नवांच्या ताळ्याला पत्ता लागत नाही. तरीही अर्ध्या मिनिटाच्या कामाला एवढी राखण पुरेशी आहे.

वजाबाकीचा हातचा पक्का करायला मी बाळ्याला आणि त्याच्या सवंगड्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा खेळ दिला. कापरेकर शेजारच्या नाशिक जिल्ह्यात देवळालीला शाळामास्तर होते, १९३० पासून १९६२ पर्यंत. अंकांच्या वेडाने त्यांना जगभर ओळख मिळवून दिली. त्यांचा खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि ६१७४ वर आलात की तिथेच फिरत राहता. कुठूनही निघा, फार तर सात वेळा वजाबाकी करून तुम्ही ६१७४ वर येणारच. सात वेळांत आला नाहीत, तर वजाबाकी कुठे तरी चुकली आहे. म्हणजे ह्या खेळात मास्तरच लागत नाही, खेळच ताळा करतो. मारुतीच्या पारावर सात-आठ पोरे खडूने वजाबाक्या करीत बसली होती आणि म्हातारे विचारीत होते, हा कसला नवा जुगार!

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेबरोबर आम्ही हिवरे बाजारला गेलो होतो. नगर तालुक्यातले हे गाव पोपटराव पवारांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. १९८९ साली ते सरपंच झाले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, म्हणजे पाणी किती मिळाले, त्यातले प्यायला किती, जनावरांना किती, शेतीला किती, आणि त्यावरून पिके कुठली घ्यायची. उसाला आणि केळीला तिथे बंदी आहे. आमच्या तुकडीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र खिशातला कागद काढला, कारण हे तर सरळ सातवी-आठवीचे उदाहरण होते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी एक लिटर. हेक्टरात चौरस मीटर दहा हजार, म्हणून मिलिमीटरला दहा हजार लिटर. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर धरला, म्हणून हेक्टरी चाळीस लाख लिटर. गावाचे शिवार सुमारे ९७६ हेक्टर, म्हणून एकूण ३९० कोटी ४० लाख लिटर. एवढे पाणी आभाळातून येते. त्यातले पुष्कळसे उन्हाने उडते, वाहून जाते, ते सोडा. आता पिण्या-वापराचे पाहू. वस्ती १३०० धरू. जल जीवन मिशनने खेड्यांसाठी माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. रोजचे झाले ७१,५०० लिटर. गुणिले ३६५, म्हणून वर्षाचे २ कोटी ६० लाख ९७ हजार ५०० लिटर. आणि ऊस? उसाला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. दोन हजार धरू. हेक्टरी दहा हजार गुणिले दोन हजार, म्हणजे दोन कोटी लिटर.

दोन कोटी एकसष्ट लाख भागिले दोन कोटी. उत्तर आले १.३. मी ते दोनदा केले. अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या पाण्याइतके पाणी सव्वातीन एकर ऊस पितो! त्यातले काही पाणी पावसाचेच असते हे खरे, पण तोही पाऊस त्याच शिवारातला. उसाच्या फडावर वाढलेल्या मला हे उत्तर कोणी भाषणात सांगितले असते तर मी विसरलो असतो. स्वतःच्या हाताने चार ओळी उतरल्यामुळे ते मनातून जात नाही.

आता बीजगणिताचे पुस्तक परत का आणावे लागले ते. हंगाम संपून आईवडील घरी आले होते. आबांनी, म्हणजे वडिलांनी, मुकादमाकडून १ लाख १० हजारांची उचल घेतली होती. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, उचल कोयत्यावर मिळते आणि तोडणीतून फिटते. हंगाम सरल्यावर मुकादम सांगतो तेवढी बाकी अंगावर राहते आणि तीच पुढच्या दसऱ्याला पुन्हा फडावर नेते. त्या वर्षी मुकादमाने बाकी सांगितली ५९,७०२ रुपये. आबा दोन दिवस ओट्यावर बसून राहिले. "येवढी कशी निघाली, समजंना," एवढेच म्हणत. आधीच्या वर्षांतही ते हेच म्हणत आणि मुकादमाचे उत्तर ठरलेले असे, "हिशेब बरोबर हाये." ह्यावर आबांनी काय बोलावे? बरोबर नाही असे वाटत होते, पण कुठे बरोबर नाही ते दाखवता येत नव्हते.

मी म्हटले, पावत्या आहेत का? आईने कोपीतून आणलेली प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे ओतली. टोळीच्या वजनाच्या पावत्या होत्या, पंधरवड्यांप्रमाणे आबांनी दोरीने बांधलेल्या. टोळीत दहा कोयते, म्हणून प्रत्येकाचा दहावा हिस्सा. इथे मी आकडे दशांश सोडून देतो, रीत तीच आहे. कागदावर आधी लिहिले, काय काढायचे: बाकी. काय माहीत आहे: उचल १,१०,०००. दर आठवड्याची खर्ची १,५०० प्रमाणे सोळा आठवडे, म्हणून २४,०००. एकूण घेतले १,३४,०००. सात पंधरवड्यांची तोड मिळून आमच्या कोयत्याचे २३१ टन. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला होता, तो धरला. २३१ गुणिले ३६६ बरोबर ८४,५४६. नवांचा ताळा केला. वजाबाकी केली. बाकी निघाली ४९,४५४.

मुकादमाची ५९,७०२. फरक १०,२४८. उलगडा इथे होता, पण तो लगेच दिसला नाही. इष्टकर्म आठवले. चुकीच्या उत्तरापासून उलटे चालायचे. ही चूक खर्चीतली असती तर फरक १,५०० च्या पटीत आला असता, तो तसा नव्हता. मग ३६६ ने भागून पाहिले. बरोबर २८, बाकी शून्य! म्हणजे चूक पैशात नव्हती, टनांत होती. मुकादमाने अठ्ठावीस टन धरलेच नव्हते. पावत्यांचे गठ्ठे पाहिले, तर संक्रांतीच्या पंधरवड्याची आमच्या वाट्याची तोड नेमकी अठ्ठावीस टन.

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी मुकादमाकडे गेलो. मी काही बोललो नाही, कागद पुढे केला. त्याने शेवटची ओळ पाहिली आणि नेहमीचे वाक्य म्हटले. आबा म्हणाले, "आसंल मुकादम, पण ह्यातली कंची वळ चुकली तेवढी दावा." तो वरून खाली वाचत आला. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्याला एकदा हो म्हणावे लागले, आणि शेवटी त्याने आपली डायरी उघडली. संक्रांतीचा पंधरवडा तिच्यात नव्हता. मुद्दाम की चुकून, हे मला ठाऊक नाही आणि त्या दिवशी विचारण्याचे कारणही उरले नव्हते. "राहिलं आसंल," असे म्हणून त्याने ५९,७०२ खोडले आणि ४९,४५४ लिहिले. टोळीतल्या बाकीच्या नऊ कोयत्यांच्या हिशेबातही तोच पंधरवडा राहिला होता. संध्याकाळपर्यंत ते सगळे आपापल्या बाक्या घेऊन आमच्या ओट्यावर आले.

तोडीचे टन माहीत नसलेल्यांसाठी 'समजा, क्ष' धरून उलटे समीकरण मांडावे लागणार होते. ते माझे पार विसरले होते, म्हणून बाळ्याला पाठवून शेजारून पुस्तक आणवले. रात्री अकरापर्यंत मी आणि बाळ्या लिहीत होतो. मी गुणाकार करी, तो ताळा करी. सातव्या हिशेबात माझा एक हातचा चुकला, तो त्याने धरला.

ह्या दसऱ्याला आबा फडावर गेले तेव्हा पिशवीत कोयत्याबरोबर एक शंभर पानी वही होती. प्रत्येक पंधरवड्याला एक पान, आणि पानावर आडव्या रेघा बाळ्याने आखून दिलेल्या: किती तोडले, दर काय, किती झाले, किती घेतले, किती उरले. आबांचे अक्षर मोठे आहे, पान पुरत नाही, म्हणून आता ते पाठपोट लिहितात असा परवा फोन आला होता.